आयलीबाईंचं नवं पिस्तूल

आयली कांगस आम्हाला अकरावीत रसायनशास्त्र शिकवायच्या. मला त्यांनी नापास केलं होतं, आणि योग्यच केलं होतं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, एप्रिलच्या शेवटी, नेमबाजीच्या रेंजवरचा बर्फ नुकताच हटला होता, तेव्हा त्या नवऱ्याला घेऊन आमच्या क्लबात आल्या. मी तिथे देखरेखीला असतो. गोळीबार सुरू आणि बंद माझ्या शिट्टीवर होतो.

"वेस, नवीन विद्यार्थिनी आहे. जरा सांभाळून घे," त्या म्हणाल्या आणि पिस्तुलाची पेटी माझ्यासमोर ठेवली.

त्यांचा नवरा रेनो हिवाळाभर काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. वादळ आलं की दोन दोन दिवस घराबाहेर. सरोवराकाठच्या रस्त्यावरचं त्यांचं घर अगदी शेवटचं. त्या जानेवारीत शेजारच्या बंद घराचं दार फोडून कुणीतरी आत राहून गेलं होतं. शेरीफची गाडी पोचायला पाऊण तास. म्हणून बाईंच्या हाताला बसेल असं लहान पिस्तूल रेनोने आणलं होतं, नऊ मिलिमीटरचं.

अशा लहान पिस्तुलाची स्प्रिंग नवेपणी फार ताठ असते. दोनशे-अडीचशे गोळ्या झाडल्याशिवाय ती मोकळी होत नाही, आणि तोवर त्या पिस्तुलावर भरवसा ठेवू नये. सरावाला रेनोने सगळ्यात स्वस्त गोळ्या आणल्या होत्या, ॲल्युमिनियमच्या पुंगळीतल्या, हलक्या, एकशे पंधरा ग्रेन वजनाच्या. पहिल्याच मॅगझिनमध्ये दोनदा रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली.

"भिकार निघालं हे. परत देऊन टाकू," रेनो म्हणाला.

"गप रे. आधी शोधू तरी चूक कुणाची ती. पिस्तुलाची, गोळीची की माझ्या सैल मनगटाची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." बाई वर्गात बोलायच्या तश्शाच बोलल्या. आम्ही दोघेही सरळ उभे राहिलो.

आधी त्याच गोळ्या रेनोने झाडल्या. त्याच्याही हातात एकदा अडकलं. म्हणजे दोष नुसता मनगटाचा नव्हता. मग पितळी पुंगळीच्या, पण तेवढ्याच वजनाच्या गोळ्या. त्यातही एक अडकली. मग एकशे चोवीस ग्रेनच्या. पन्नासच्या पन्नास सुरळीत गेल्या. हलक्या गोळीचा धक्का त्या ताठ स्प्रिंगला पुरत नव्हता, एवढंच. शिवाय घरात भरून ठेवायच्या गोळ्याही एकशे चोवीसच्याच होत्या, म्हणजे सराव आणि खरी वेळ यांत हाताला फरक जाणवणार नव्हता. बाईंनी पेन्सिलने वहीत तारीख, गोळी, किती झाडल्या, किती अडकल्या, सगळं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग दर गुरुवारी सकाळी ते दोघं यायचे. नेमबाजी झाली की ट्रकची मागची फळी पाडून तिच्यावर बसायचे आणि घरून आणलेल्या पेस्टी, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, खायचे. रेनो त्यावर केचप ओतायचा.

"माणसात कधी येणार तू?" बाई विचारायच्या.

"तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच तो विचार सोडला," रेनो म्हणायचा.

जूनमध्ये एकदा त्यांची वही बाकावर उघडी राहिली होती. एकाच तारखेचं पान त्यांनी तीनदा लिहिलं होतं. अक्षर तेच, आकडे तेच, खाली दोन रेघा त्याच. मी वही मिटली आणि कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा ॲल्युमिनियमच्या गोळ्या घेऊन आल्या. "हीच ठरली होती आपली," त्या म्हणाल्या. रेनोने हो म्हटलं. मग त्यांची पाठ वळल्यावर खिशातल्या एकशे चोवीसच्या गोळ्यांनी त्याने मॅगझिन भरून दिलं. जुलैत मी त्याला ट्रकमध्ये बसलेलं पाहिलं. मांडीवर वही, हातात खोडरबर. बाईंनी लिहिलेलं खोडून तो बरोबर आकडे लिहीत होता, त्यांच्या अक्षराची नक्कल करत, शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढून. मला बघून त्याने वही मिटली. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी बाईंनी पाच गोळ्या झाडल्या, उत्तम झाडल्या, आणि भरलेलं पिस्तूल हातात तसंच धरून मागे वळल्या. मागे रेनो उभा होता.

"हा कोण माणूस आहे?" त्या म्हणाल्या. "वेस, हा सारखा माझ्या मागे उभा असतो. याला बाहेर काढ."

नळी रेनोच्या पोटासमोर होती. तो हलला नाही. त्याने हातही वर केले नाहीत. मी शिट्टी वाजवली नाही, मला ती वाजवायची भीती वाटली.

"बाई," मी हळूच म्हटलं, "पिस्तूल परत लक्ष्याकडे वळवा. आता बाकावर ठेवा. हां. आता दोन पावलं मागे या."

त्यांनी तंतोतंत तसं केलं. मग माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "माझं काही चुकलं का रे?"

त्या फळीवर जाऊन बसल्यावर मी रेनोला कोपऱ्यात घेतलं. "कधीपासून चाललंय हे?"

"मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं."

"मार्चमध्ये? आणि पिस्तूल एप्रिलमध्ये घेतलंस? अरे, बाई तुला मारून बसल्या असत्या!"

"ती रोज विचारायची, तू नसताना मी एकटी कशी राहू. नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं." तो बुटाने खडी ढकलत राहिला. "तिला माहीत नाहीये, वेस. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं."

माझा राग तिथेच बसला, कारण जूनमध्ये वही मिटणारा मीच होतो.

ते पिस्तूल मी त्याच दिवशी क्लबाच्या तिजोरीत टाकलं आणि पुढे परगावच्या एका दुकानाला विकलं. त्या हिवाळ्यात रेनोने ट्रक सोडला आणि घरी बसला. बाई दोनदा थंडीत बाहेर निघून गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांच्या पायाची दोन बोटं गोठून गेली. मग त्यांना हॉस्पिटलजवळच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. रेनो खुर्चीत होता, डोळे सुजलेले. बाईंनी मला जवळ बोलावलं. "हा गृहस्थ रोज येतो," त्या कुजबुजल्या. "चांगला आहे. पण फार रडतो बिचारा. त्याचं कोण गेलंय?"

मला खोटं सुचेना. "बायको," मी म्हणालो.

त्यांनी हात लांब करून रेनोचा हात धरला. "कशी होती हो ती?"

रेनोने नाक पुसलं. "हट्टी," तो म्हणाला. "मास्तरीण होती. पोरांना टरकवायची. पण मार्कांसाठी कुणी रडलं की घरी येऊन स्वतः रडायची."

तो सांगत गेला. लग्नाच्या दिवशीचा चिखल, न झालेलं मूल, सगळं. बाई मान हलवत मन लावून ऐकत होत्या.

"मला आवडलं असतं तिला भेटायला," त्या म्हणाल्या.

"हो," रेनो म्हणाला. "तुमचं जमलं असतं."

मी कोट उचलला आणि बाहेर आलो.