डुकरिणीचं घरटं

मी आज कामावर आहे तो डंडॉक गावच्या त्या साठीला टेकलेल्या बाईमुळे. प्राण्यांची देखभाल करण्यात तिचा जन्म गेलाय. आधी तिचं नाव घेतल्याखेरीज पुढचं सांगता येत नाही, आणि नाव लिहायचं नाही असं तिनंच बजावलंय.

बायको इथं परदेशात नर्स आहे, तिच्यामागं मी आलो. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून काम मिळेना. शेवटी एका प्राणी उद्यानात साफसफाईला घेतलं, तेही आधी काम बघू, मग ठरवू म्हणून. पहिल्याच दिवशी कळलं, झाडायचंय ते रानडुकरांचं आवार. फिलिपिन्सच्या बेटांवरची जात. तिथलं जंगल तुटत गेलं आणि ही संपत आली.

गावी माझ्या काकाला भातखाचरात रानडुकरानं फाडलं होतं. झोळीतून त्याला खाली आणलं, पण तो वाचला नाही. तेव्हा ऐकलेला डुकराचा हुंकार अजून माझ्या मागं आहे. इथं ल्यूकनला आमच्या घरात बॉयलर घुरघुरला तरी मी दचकतो.

"मॅडम, मला आत जमणार नाही." मी बाईला म्हणालो. काम जाणार हे कळत होतं.

"मॅडम ती," तिनं डुकरिणीकडे बोट केलं. "मी तिची मोलकरीण. माझ्या मागं राहा, ग्रँड होईल सगळं, काही होत नाही."

आत कोपऱ्यात पाल्याफांद्यांचा ढीग होता. गोठ्याच्या सवयीनं मी खराटा घातला, तर बाईनं हात धरला. "ते घरटं आहे. पिल्लं व्हायचीत तिला."

तेवढ्यात डुकरीण तोंडात फांदी धरून आली, ढिगावर ठेवली, नाकानं सारली, परत गेली. जंगलात या अशीच घरटी करतात म्हणे. हिचा जन्म कुंपणातला, हिच्या आईचाही. मग हिला शिकवलं कुणी? तुटलेलं जंगलच हिच्या कानाशी बोलत असावं, असं वाटून माझ्या अंगावर काटा आला.

बाई रोज मला सोबत घेऊन तिथं बसायची. एका दुपारी डुकरीण खायला आलीच नाही. ढिगातून तोच हुंकार, पण हळू, आणि मागोमाग बारीक चिरके आवाज. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. पाणी ठेवायला मी एकटा आत गेलो. बादली आवाज न करता टेकवली आणि पाठ न फिरवता मागं आलो.

"याला ठेवून घ्या," बाईनं साहेबाला सांगितलं. "घाबरतो, म्हणून सांभाळून वागतो."

हुंकार अजून येतो कानात. बाईनं इतकी डुकरं सांभाळली, पण मोकळ्या रानात एकही पाहिलेलं नाही. तिला कधीतरी गावी नेऊन डोंगरातल्या पाणवठ्यावर रानडुकरं दाखवीन. काका गेल्यापासून मी त्या अंगाला फिरकलेलो नाही. तिच्यासाठी जाईन.