भोवरा कुठला, ते विचारायचं राहिलं

माझ्या मूर्खपणाचा हा किस्सा हसत सांगायचा, असं दर वेळी ठरवतो आणि मध्येच हसायचं राहून जातं. बघा, आज जमतं का.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी सांगलीकडचा. शहाद्याजवळ तापीकाठच्या एका गावात पावसाळ्यात मास्तर म्हणून रुजू झालो. हिवाळ्यात मुंबईहून सरकारी फिल्मवाल्यांचं शाळेच्या नावे पत्र आलं. तुमच्या गावचा भोवरा आणि त्याच्यापायी वेडी झालेली माणसं, यांच्यावर माहितीपट काढायचा आहे. माणसं जमवून ठेवा.

आता मला सांगा, नदीकाठी भोवरा म्हटल्यावर माणूस काय समजणार? पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, खालच्या घाटाला उतरू नका, तिथं भोवरा आहे. जमनाबाईंचा नवरा त्यातच गेला. पत्र मी कुणाला दाखवलंसुद्धा नाही. एवढा हुशार ना मी!

तडक जमनाबाईंकडे गेलो. नवरा गेल्यापासून सात वर्षांत त्या घाटाकडे फिरकल्या नव्हत्या.

"नही मास्तर, मी येवाव नही."

"जमनाबाई, फिल्म बघून सरकार काठाला दोर बांधील. दुसऱ्या कुणाचा जीव वाचेल."

सरकारच्या वतीनं वचन देऊन मोकळा!

त्या आल्या. जीप आली. मुंबईच्या साहेबांनी घाटावर कॅमेरा लावला, तो सुरू झाला, आणि त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, भोवऱ्याचा नाद घरात कुणाला होता?"

"नाद? नाद कसाना, सायेब? भवरा मन्हा धनीले लई गया."

"कुठं घेऊन गेला?"

जमनाबाईंनी पाण्याकडे बोट केलं.

साहेब माझ्याकडे वळले, पाठोपाठ कॅमेराही. खिशातून लाल रंगाचा लाकडी भोवरा काढून माझ्या नाकासमोर धरला. "मास्तर, हा भोवरा!"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला या गावचे पन्नाशीचे बाप्ये कामं टाकून चौकात भोवरे फिरवतात, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. मी सोडून! माझी तिथली पहिली आखाजी अजून यायची होती.

मी जमनाबाईंच्या पायाशी वाकलो. साहेब म्हणाले, "कॅमेरा बंद करा."

"चालू ऱ्हाऊ द्या," जमनाबाई म्हणाल्या. "उनी शे तं सांगस."

आलेच आहे तर सांगते, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्याची म्हैस ओढीत सापडलेली, तिला काढायला धनी उतरला. म्हैस निघाली. कॅमेरावाल्यानं दोनदा डोळे पुसले.

दुपारी चौकात भोवऱ्यांची फिल्म झाली. ती उरकल्यावर तेच बाप्ये विहिरीचे नाडे घेऊन घाटावर गेले आणि काठभर दोर बांधला. दोन गाठी मीही मारल्या. त्या त्यांनी सोडून पुन्हा बांधल्या.

पुढं ती फिल्म नंदुरबारच्या टॉकीजला लागली, दुपारच्या खेळाला, पिक्चरच्या आधी. गाव गाड्या जुंपून गेलं. भोवरे फिरले, शिट्ट्या झाल्या. काठावर बसलेल्या जमनाबाई दिसल्या, तशा शिट्ट्या थांबल्या. मग पडदाभर माझा चेहरा! तोंड उघडं, डोळे त्या लाल भोवऱ्यावर खिळलेले. पडद्यामागून निवेदकाचा भारदस्त आवाज आला, "आणि हे गावातले गुरुजी. भोवरा दिसताच यांचं असं भान हरपतं!"

मागच्या बाकावरून जमनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आते तरी समजनं का मास्तर, कोणता भवरा ते?"