डिटेक्टिव्हला घालायचं काय?

आईशप्पथ सांगतो, पुढं लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. म्हणजे करमाडचा किस्सा सोडून, तो मी ऐकलाय. आणि जाकिटाचा किस्सा जरा फुगवलाय. पण बाकी सगळं खरं! बहुतेक.

आमच्या धंद्यात किस्से कसे साठतात ते सांगतो. मी सीरियलच्या कपड्यांचं बघतो, सेटवर सगळे मला ड्रेसदादा म्हणतात. माझ्याकडं सुट्या बटणांचा एक डबा आहे. कुठलं बटण कुठल्या शर्टाचं ते आठवत नाही, पण एकही टाकवत नाही. किस्स्यांचंही तसंच. डबा जरा हलला की वाजायला लागतात.

गेल्या उन्हाळ्यात शेंद्र्याच्या एका बंद गोडाउनमध्ये आमच्या क्राइम सीरियलचं शूटिंग लागलं. डिटेक्टिव्ह होता सुधाकर, कन्नड गावचा. आजवर त्यानं हवालदार, वॉचमन, तिसरा साक्षीदार असलंच केलेलं. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा मेन रोल! मित्रांनी कन्नडच्या एसटी स्टँडसमोर त्याचा फ्लेक्स लावला, 'आमचा सुधाकर, आता डिटेक्टिव्ह!' आणि फ्लेक्स चढला त्याच दुपारी मुंबईहून चॅनलच्या मॅडमचा फोन आला.

"ॲक्टिंग ठीक आहे, पण लूक बसत नाहीये. टेलिकास्टच्या आत बसवा, नाहीतर आपण डिटेक्टिव्ह बदलू."

त्या फोननंतर सुधाकर बूड टेकवून बसलाच नाही. उभ्यानं चहा, उभ्यानं जेवण, आणि मधल्या वेळात गोडाउनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चकरा.

"दादा, फ्लेक्स उतरवायला काय लागतं? शिडी लागती," तो म्हणायचा. "पण उतरवताना सगळा स्टँड बघत असतो ना!"

* * *

पहिल्यांदा मॅडमनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. कुठल्याशा परदेशी सीरियलमधला डिटेक्टिव्ह, गुडघ्याखाली लोळणारा ओव्हरकोट, मागं धुकं.

मी तो फोटो घेऊन सिटी चौकात रफीकभाईंकडं गेलो. आमचे सगळे कपडे तेच शिवतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बघितला, मग दुकानाबाहेरच्या उन्हाकडं बघितलं.

"दादा, कोट सिलाना है या रजाई?"

"कोट. डिटेक्टिव्हचा."

"तो चोर को पहना दो ना! बेचारा खुद आके कबूल करेगा!"

शिवला तरी. शेंद्र्याच्या रस्त्यावर पाठलागाचा सीन लागला. चोर पुढं, सुधाकर मागं, कोट त्याच्याही मागं. दुसऱ्या टेकला सुधाकरचा चेहरा लालबुंद झाला. चोराचं काम करणारा पोरगा पळता पळता थांबला, वळला आणि हात जोडून म्हणाला, "सर, मी सरेंडर करतो, पण तुम्ही आधी सावलीत बसा!"

* * *

कोट गेला, जाकीट आलं. लेदरचं बजेट नव्हतं म्हणून रेक्झिनचं. दिसायला झकास! सुधाकरनं आरशासमोर कॉलर वर केली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

सीन असा, की डिटेक्टिव्ह दारामागं दबा धरून उभा आहे आणि खुनी चार पावलांवर. एकदम शांतता. सुधाकरनं श्वास घेतला.

कर्रर्र!

"कट! काय वाजलं?"

रेक्झिन वाजलं होतं. श्वास घेतला की कर्रर्र, सोडला की कुर्रर्र. साउंडवाल्यानं हेडफोन काढून आपटला. "याला सांगा, सीन संपेपर्यंत श्वास घेऊ नको!"

सुधाकरनं तेही करून पाहिलं! डोळे बाहेर आले, पण जाकीट गप्प बसलं. खुनी सापडायच्या आधी डिटेक्टिव्ह जाईल म्हणून शेवटी आम्हीच जाकीट काढलं.

* * *

मग आमचा डायरेक्टर नितीन म्हणाला, "परदेशी नाटकं पुरे. आपलं काहीतरी पाहिजे. हिमरू!"

आता हिमरूचं कापड जिथं विणतात त्या शहरात राहून त्याला नाही कोण म्हणणार? रेशमी वेलबुट्टीची बंडी शिवली. रफीकभाईंनी जीव ओतला. सुधाकर ती घालून गाडीतून उतरला, तर गोडाउनशेजारच्या मंगल कार्यालयातून एक काकू धावत आल्या. "अहो, इकडं कुठं? टोपी-टॉवेल तिकडं चाललाय!" आणि त्याला हाताला धरून घेऊनच गेल्या. परत आला तेव्हा कपाळाला गंध, हातात नारळ.

मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, "डिटेक्टिव्ह आहे की नवरदेवाचा मामा?"

सुधाकर नारळ कुरवाळत म्हणाला, "मामाचा रोल असला तर तोच द्या म्हणावं."

* * *

करमाडचा किस्सा मी ऐकलेला आहे हे आधीच सांगितलंय, आता मध्येच उलटतपासणी करू नका.

आमच्याकडं सल्ल्याला एक रिटायर्ड हवालदार यायचे. ते म्हणाले, "कोटबिट काय नसतंय. साध्या वेशातला पोलीस दोन गोष्टींवरून कळतो. शर्ट बाहेर, कारण कमरेला पिस्तूल असतंय. आणि बूट तांबडे. माणूस सगळं बदलतो, पण बूट बदलायचे राहून जातात!"

झालं. सुधाकरला तांबडे बूट, बारीक कटिंग, शर्ट बाहेर. त्या वेशात तो आणि नितीन करमाडला चहा प्यायला गेले. सुधाकर नेहमीप्रमाणं उभा. नुसता येरझाऱ्या घालतोय आणि मध्येच थांबून हॉटेलच्या मागं बघतोय. खरं म्हणजे बाथरूम शोधत होता.

हॉटेलमागं पत्त्यांचा डाव रंगलेला. एकानं बूट बघितले. मग काय! कुंपणावरून पत्ते, पैसे आणि माणसं एकदम उडाली. एक जाडजूड गृहस्थ मात्र तारेत अडकले. तिथूनच ओरडले, "साहेब, मी नुसता बघत व्हतो! पानं दुसऱ्याची व्हती!"

सुधाकर खूश! त्यानं तिथूनच मला फोन केला. "दादा, लूक बसला!"

मॅडमचं उत्तर, "पायात फारच पोलीस दिसतोय. आपला डिटेक्टिव्ह प्रायव्हेट आहे."

* * *

या सगळ्या गोंधळात बाह्यांचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सीरियलमध्ये दाराबाहेरचा शॉट सोमवारी होतो आणि आतला गुरुवारी. सोमवारी बाही दुमडलेली होती की सोडलेली, हे गुरुवारपर्यंत सांभाळणं माझं काम. पण मी तर ओव्हरकोट उसवत बसलेलो.

एडिटरचा फोन आला. "दादा, तुमचा डिटेक्टिव्ह प्रत्येक घरात शिरताना बाह्या खाली करतो आणि निघताना वर करतो. खुनाचा तपास करतोय की देवदर्शन?"

मी म्हटलं, "संस्कार आहेत कन्नडचे!"

आणि मीच फोन ठेवला. काय करणार?

* * *

मग ऐकू आलं की मुंबईचा दुसरा डिटेक्टिव्ह विमानानं येऊन हॉटेलात उतरलाय. उंच, गोरा, हनुवटीवर तीन दिवसांची दाढी. रफीकभाईंना प्रॉडक्शनचा फोन गेला, की जाऊन त्याचं माप घ्या.

दुपारी मी दुकानात गेलो तर रफीकभाई गल्ल्याशी निवांत बसलेले.

"माप घेतलं?"

"कैसे लेता? टेप नहीं मिल रहा."

टेप त्यांच्या गळ्यात होता. मी टेपकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "चाय बोलूं?"

* * *

आणि आता शेवटचा.

मॅडम स्वतः आल्या. गाडीत शेजारी तो मुंबईवाला, गॉगल लावून. खाली उतरलासुद्धा नाही, एसी चालू ठेवून आत बसला. रफीकभाईंनी शिवलेला निळा ब्लेझर घालून सुधाकर उभा. घामानं कॉलर भिजलेली, हाताची बोटं एकमेकांत गुंतलेली.

मॅडमनी वरून खाली बघितलं, मग खालून वर. "इन्शुरन्स विकायला आलाय असं वाटतं. सॉरी." आणि गाडीकडं वळल्या.

तेवढ्यात त्यांची नजर गेली पोपटवर.

पोपट म्हणजे आमचं मढं. करमाडचा. कपाळाला लाल रंग लावून विटांवर बसून वडापाव खात होता. आमच्याकडं मढ्याला ड्रेस मिळत नाही, ज्यानं त्यानं घरचा आणायचा. त्यानं घातलेला एक विटका हिरवा चौकटीचा हाफ शर्ट. खिसा जरा लोंबलेला, खांद्यावर उन्हानं रंग उडालेला.

"तो शर्ट!" मॅडम ओरडल्या. "तो! जगलेला वाटतो! डिटेक्टिव्हला घाला!"

नितीन म्हणाला, "मॅडम, सकाळीच तो शर्ट बॉडीवर शूट झालाय. आता याच सीनला डिटेक्टिव्ह बॉडी बघायला येतो."

"बॉडीवर चादर टाका! एक टेक बघते, मग निघते."

पोपटनं वडापाव खाली ठेवला. "शर्ट यांना? मंग मी काय बनियनवर मरू?"

"चादर आहे ना रे!"

"चादर हाय, पर शर्ट माझा हाय. लई जपून ठिवलाय. यांच्या घामानं ग्येला म्हंजे?"

सुधाकर त्याच्याजवळ गेला. आवाज इतका खाली, की मलाच काय तो ऐकू आला. "पोपटराव, एक टेक. हा शेवटचा असंल माझा. नंतर मीच धुऊन देतो."

पोपटनं त्याच्याकडं बघितलं. मग बटणं काढली.

ॲक्शन! बनियनवरचा पोपट चादरीखाली आडवा. त्याच्या शर्टात सुधाकर आत आला. खरं सांगतो, वेगळाच माणूस! गुडघ्यावर बसला, चादरीचं टोक उचललं, वाकून चेहरा जवळ नेला. आता त्यानं फक्त "खून" म्हणायचं होतं.

मढ्यानं डोळे उघडले. "साहेब, शर्ट सांभाळा!"

नितीननं कपाळावर हात मारला. मॅडमनी तोंड उघडलं. पण सुधाकरच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. पोपटवरची नजर न काढता तो मागच्या हवालदाराला म्हणाला, "अँब्युलन्स बोलवा. याचा जीव शर्टात अडकलाय."

कट म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. मॅडम गाडीपाशी गेल्या, काच वाजवली आणि आतल्याला म्हणाल्या, "तुझं संध्याकाळचं विमान कितीला आहे?"

आता तुम्ही विचारणारच, यातलं खोटं काय ते. सांगतो. पोपटचं ते वाक्य मी घातलंय. पोपट एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं चादरीतून हात बाहेर काढला, वाकलेल्या सुधाकरची उलटी झालेली कॉलर नीट केली, आणि परत मेला.