आसारामला सातवा महिना

वनमाला सिस्टर हट्टी आहे, हे तिच्या सासरी कुणाला सांगावं लागत नाही. गेवराईकडच्या एका आरोग्य केंद्रात बारा वर्षं नोकरी केल्यावर तिने आरोग्य माहितीशास्त्राच्या ऑनलाइन मास्टर्सला नाव घातलं, तेव्हा धाकटा दीर धर्मराज खो खो हसला होता. "वैनी, मोबाईलवर बघून कुणी मास्तर होतंय का?" रेंज फक्त गच्चीवर, म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून तिने दोन वर्षं अभ्यास केला.

आता शेवटचा प्रकल्प तेवढा राहिला होता. ऊसतोडीला गेलेल्या बायका सहा-सहा महिने परमुलखात असतात. त्यांचं दुखणंखुपणं तिथल्या सिस्टरला नंबर टाकताच दिसावं, अशी नोंदणी तिने तयार केली. धर्मराज टोळीचा मुकादम. त्याच्याकडून यादी घेतली, दर कोयत्याला एक नंबर दिला आणि काम फत्ते म्हणून बाई खुशीत राहिली.

प्रकल्प द्यायला तीन दिवस उरले असताना धर्मराजच्या टोळीतली तेजश्री तपासणीला आली. पोट पुढे आलेलं, डोळे पांढरेफटक. वनमालाने तिच्या कोयत्याचा नंबर टाकून माहिती भरली. स्क्रीनवर उमटलं: आसाराम, वय सव्वीस, पुरुष, सातवा महिना, हिमोग्लोबिन सात.

तेजश्रीला हसू आवरेना. "सिस्टर, माझ्या नवऱ्याला दिवस गेलेत व्हय?"

वनमालाही हसली, आणि हसता हसता तिने पूर्ण यादी उघडली. मुकादमाच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण यादीत नाव नवऱ्याचंच. वनमालाचे आईबाप वीस हंगाम असेच एक कोयता म्हणून गेले होते. तेच ऐकत ती मोठी झाली, मग चूक दिसणार कशी? एकशे अठ्ठावीस बायका तिने स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या. स्वतःचा एवढा संताप तिला कधी आला नव्हता.

मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "मॅडम, आहे तसं द्या, पास व्हाल. उशीर झाला तर प्रकल्प घेणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल."

"बसते."

प्रत्येक बाईला वेगळा नंबर म्हटल्यावर धर्मराज तडकला. "टोळी निघायची हाय परवा. कोयता एक, मंग नंबर दोन कावून?"

"कोयता एक असंल, भावजी. जीव दोन हायेत."

ट्रॅक्टर उभे होते तिथेच तिने टेबल मांडलं. नाव विचारलं की बायका "आसारामच्या घरची" असलं काहीतरी सांगायच्या. "घरची न्हाई, तुझं नाव सांग," म्हणून वनमाला दटावायची. दोन दिवस लागले, मग नोंदणी नव्याने बांधायला आणखी चार. कारखान्याकडच्या सिस्टरनाही तिने ती वापरायला दिली. निकालात तिच्या नावापुढे अनुत्तीर्ण आलं. तिने पुन्हा फॉर्म भरला.

टोळी गेल्यावर दोन महिन्यांनी सांगलीकडून तिथल्या सिस्टरचा फोन आला. "तुमची तेजश्री आली होती. नंबर टाकला, रक्त कमी दिसलं, म्हणून आधीच बाटली मागवली. मुलगी झाली, दोघी छान आहेत. बाळाची नोंद आईच्याच नंबरावर करू ना?"

"अजिबात नाही!" वनमाला कडाडली. "तिला तिचा नंबर द्या."