गॅसवाल्याचं नाक

गॅसच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक स्वतः फोन करतात, पत्ता देतात आणि वर 'जरा लवकर या' म्हणतात! वसईत शेगड्या आणि गीझर दुरुस्त करता करता माझ्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "आता भंगारवाल्याला बोलवा."

दुकान पास्कलकाकांचं. काम करणारे दोघंच, काका आणि मी.

*

एव्हरशाईन सिटीतून एका मॅडमचा फोन आला. "गीझर पेटतच नाहीये हो!"

मी फोनवरच तपासणी सुरू केली. "नळ सोडल्यावर टिकटिक आवाज येतो?"

"येतो. पण एकदम दमल्यासारखा."

"सेल संपलेत. बदलून टाका."

"कालच बदलले! तुम्ही याच."

गेलो. गॅस गीझरच्या खाली दोन जाडे सेल असतात, त्यांच्या जोरावर ठिणगी पडते. काढून बघितले तर एकाला गंज चढलेला. "मॅडम, हे नवीन?"

"गीझरसाठी नवीनच की! आधी टॉर्चमध्ये होते. टॉर्च लागेना, म्हटलं वाया कशाला घालवायचे?"

*

आता एक कबुली. कोरोनात मला वास येणं बंद झालं ते कायमचंच. गॅस मेकॅनिक, आणि नाक बंद!

पास्कलकाकांचं ठाम मत आहे की गॅसवाल्याचं नाक हेच त्याचं लायसन. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी काउंटरवर बसवलं असतं, बर्नर आणि पाइप विकायला. दुरुस्ती सोडून मला दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही. म्हणून मी गप्प बसलो.

जोड गळतोय का, ते साबणाच्या फेसाने डोळ्यांना दिसतं. पण न पेटता बाहेर पडून खाली साचलेला गॅस फेसाला कसा दिसणार? तिथे नाकच लागतं. मग मी एक आयडिया काढली. पेटवायच्या आधी चेहरा गंभीर करून म्हणायचं, "तुम्ही स्वतः वास घेऊन सांगा. कंपनीचा नियम आहे."

कुठली कंपनी, ते आजवर एकानेही विचारलेलं नाही!

*

उमेळ्याच्या एका आजींनी मात्र नियमाला दाद दिली नाही. शेगडीचं ऑटो इग्निशन बिघडलं होतं. काम झालं, मी म्हटलं, "आजी, जरा वास घेऊन बघा."

"मी कशाला? पैसे तू घेतोस, वास पन तूच घे!"

खूप विनवल्यावर आजी कशाबशा वाकल्या. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. "येतोय रे वास."

मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. "आजी, जास्त येतोय का?"

"जास्त म्हंजे काय! मोजे कधी धुतलेस?"

*

एकदा दुकानात शिरलो तर पास्कलकाका नाकाला रुमाल लावून उभे. मला वाटलं, सर्दी झाली असेल. काका म्हणाले, "काय वास सुटलाय रे!"

आता गॅसवाल्याने काहीतरी बोलायला हवं. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "आहाहा! शेजारी कोणीतरी मस्त मटण टाकलंय!"

काकांनी कपाट पुढे ओढलं. मागे उंदीर मरून पडला होता. दोन दिवस तरी झाले असतील.

मला वाटलं, गेलं लायसन! काका माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या घरी नक्की शिजवतात तरी काय?"

*

आणि मग पापडी गावातले नेस्टरअंकल! आयुष्य कॅनडात काढलं, म्हातारपणी गावी येऊन बंगला बांधला आणि हॉलमध्ये चक्क गॅसची फायरप्लेस बसवली. वसईत! थंडी पडत नाही म्हणून एसी सोळावर ठेवतात आणि शाल घेऊन समोर बसतात. नाताळला पाहुणे यायचे होते आणि नेमकी तेव्हाच शेकोटी रुसली.

या शेकोटीत आधी एक बारीक ज्योत पेटवावी लागते. बटण दाबून धरायचं म्हणजे गॅस येतो आणि दुसऱ्या बटणाने ठिणगी पाडायची. ज्योत टिकली की मोठा जाळ लागतो. मी तपासलं तर ठिणगीची वायरच तुटलेली. म्हटलं, "लायटरने पेटवून बघू. त्याआधी तुम्ही वास घ्या अंकल, कंपनीचा नियम आहे."

अंकल थेट शेकोटीत डोकं घालून बसले. जोरजोरात हुंगलं. "ऑल क्लिअर!"

एवढा ठाम माणूस मी पाहिला नव्हता. मी गुडघ्यावर बसलो, लायटर आत नेला, बोट खटक्यावर ठेवलं.

तेवढ्यात अंकलच्या मिसेस फिलोआंटी चर्चमधून आल्या आणि दारातच किंचाळल्या, "थांबा! अख्खं घर गॅसने भरलंय! दोघांना नाकं नाहीत का?"

मी लायटर न वाजवता तसाच हळूच मागे घेतला. बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला. आंटी दारंखिडक्या उघडत सुटल्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या ओट्यावर येऊन बसलो. तिथे कळलं, मी यायच्या आधी अंकल वीस मिनिटं गॅसचं बटण दाबून बसले होते, व्हिडिओ बघून! ठिणगी नाही, नुसता गॅस.

आतून आंटी ओरडल्या, "त्या पास्कलला आत्ता फोन लावते! कसली माणसं पाठवतो!"

मी डोळे मिटले. काउंटर दिसायला लागला. एवढ्यात अंकल आत बघून म्हणाले, "याला नको बोलूस. बटण मी दाबलं, आणि वास नाही म्हणूनही मीच सांगितलं." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुझं नाक कधी गेलं?"

"कोरोनात. तुमचं?"

"तेव्हाच."

"आंटींना माहीत नाही?"

अंकल काही बोलायच्या आत फाटकाशी मासेवाली आली. आतून आंटींची हाक आली, "अहो, पापलेट घ्यायचंय! तुम्हीच वास घेऊन बघा, मला ही फसवते!"

अंकल उठले. कॉलर नीट केली. फाटकाशी जाऊन टोपलीतलं एक पापलेट उचललं, नाकाजवळ धरलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि ते परत टोपलीत टाकलं.

"कालचं आहे हे! आजचं दाखव."

मासेवालीने जीभ चावली आणि फडक्याखालून दुसरं पापलेट काढलं. "शेठ, तुमच्या नाकाला फसवनारी मी कोन!"