आमची वाली शिकस्त

खांडव्यांच्या विनिताला कुणी 'बिचारी' म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. आणि भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरांत, तिला बिचारी म्हणणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. शाळेत असताना तिची प्लीहा इतकी सुजलेली, की पोट भोपळ्यासारखं पुढे यायचं. वर्गातल्या एका आगाऊ मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "पोटात काय आहे गं तुझ्या?" विनिता म्हणाली, "तुझा मेंदू. तुला लागत नव्हता, म्हणून ठेवून घेतला." पुन्हा कुणी विचारलं नाही.

रोगाचं नाव गोशे. आपल्या शरीरात एक प्रकारची चरबी मोडून काढणारं एन्झाइम असतं, ते हिच्या अंगात जन्मापासून पुरेसं तयारच होत नाही. झाडूवाला कायमचा रजेवर गेला तर कॉलनीत जे होईल तेच इथे होतं. कचरा साठत जातो, प्लीहेत, यकृतात, हाडांत. म्हणून पंधरवड्यातून एकदा, शनिवारी, इस्पितळात जायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि बाहेर बनवलेलं ते एन्झाइम सलाइनमधून थेंबथेंब शिरेत घ्यायचं. आयुष्यभर. औषध घरच्या ऐपतीत बसणारं नाही, ते एका मदत योजनेतून येतं. पण त्याने पोट आत गेलं, हाडांचं रात्रंदिवस ठणकणं थांबलं. आता ती स्कूटीवरून मिसरोदला जाऊन कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. सुई उजव्या हातात असली की डाव्या हाताने पेपर तपासते. "मॅडम, डाव्या हाताने मार्क कमी पडतात," अशी पोरांची कुरकुर असते.

आता तिच्या बाबांबद्दल सांगायलाच हवं, कारण घोटाळा त्यांनीच केला. बाळकृष्ण खांडवे नोकरीसाठी वर्ध्याहून भोपाळला आले, इथल्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची हिंदी आहे तिथेच राहिली. मराठी शब्दाला 'है' जोडलं की झाली हिंदी, असा त्यांचा ठाम समज. शिवाय एका प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. योजनेचं काम पाहणारे रिझवान साहेब दरवर्षी फोन करून विचारतात, इलाज पुढे चालू ठेवायचा आहे ना? 'हो' म्हणायचं की नाही माणसाने? यंदा बाबांनी भाषण दिलं. फोन ठेवला तेव्हा डोळे पाणावलेले होते. "काय देवमाणूस आहे गं! म्हणाला, हौसला रखिए, जो आपने किया वो कौन करता है."

पुढच्या शनिवारी दोघं इस्पितळात पोचली, तर सिस्टर नजर चुकवायला लागली. "दीदी, आपको किसी ने बताया नहीं? आपका तो बंद हो गया. दवाई दोपहर में वापस जा रही है."

एकदा नाव कमी झालं की पुन्हा यादीत यायला किती महिने लागतात, हे विनिताला ठाऊक होतं. मध्यंतरी औषध थोडे दिवस थांबलं होतं, तेव्हा मांडीच्या हाडातली ती कळ कशी परत आली होती, तेही आठवलं. बाबा तर मटकन स्टुलावरच बसले. विनिता मात्र सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिने बाही वर केली. "सुई लगाइए. वरना मैं यहाँ से उठूँगी नहीं. शाम को इस कुर्सी के साथ ही उठाना मुझे."

सिस्टरने समजावलं, वॉर्डबॉयने समजावलं, पलीकडच्या पेशंटची आई म्हणाली, "बेचारी बच्ची." विनिता ढिम्म हलली नाही. शेवटी रिझवान साहेबांना बोलावणं गेलं.

ते आले. पक्के भोपाळी, अदबीचे, पिकल्या दाढीचे गृहस्थ. तिच्यासमोर स्टूल ओढून हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मेरा भी दिल दुखा. पर आपके वालिद साहब ने ख़ुद कहा कि अब और नहीं."

"मी?" बाबा ताडकन उठले. "मैंने कब कहा?"

"आपने फ़रमाया था, हमने कोशिशों की शिकस्त कर दी, अब सब आपके हाथ में है."

"हां, बोला ना!" बाबांची छाती अजूनही फुगलेलीच. "की ही है शिकस्त!"

विनिता एकदा बाबांकडे, एकदा रिझवान साहेबांकडे बघत राहिली आणि मग तिला असं काही हसू फुटलं, की सिस्टर घाबरली. हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता पारा चढला.

"बाबा, अहो, इथे शिकस्त म्हणजे हार! तुम्ही फोनवर सांगितलंत की आम्ही हरलो!"

"हरलो?" बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी तर सांगत होतो, आपण काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही..."

विनिता रिझवान साहेबांकडे वळली. "सर, हमारी मराठी में शिकस्त करना मतलब जान लगा देना. जितना ज़ोर है, सब. हार के लिए हमारे यहाँ दूसरा शब्द है, और वो मेरे घर में कोई बोलता नहीं."

रिझवान साहेबांनी कपाळाला हात लावला. "या ख़ुदा! और मैं सब्र की दुआ देता रहा." तिथल्या तिथे त्यांनी औषधाच्या खोलीत फोन लावला. कुप्या अजून फ्रीजमध्येच होत्या. मग योजनेच्या मोठ्या कचेरीत फोन लावला. तिथला माणूस नियम सांगू लागला, मंजुरी सोमवारी बघू म्हणाला. इकडे बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते, एक शब्द न बोलता, जन्मात पहिल्यांदाच. विनिताने पुढे केलेला हात तसाच होता.

"सोमवार नहीं, जनाब," रिझवान साहेबांचा आवाज एकदम चढला. "लड़की कुर्सी पर बैठी है. आज, अभी." मग फोनवर तळवा ठेवून त्यांनी विनिताला विचारलं, "पूछ रहे हैं, बंद किया हुआ फिर चालू क्यों करना है? क्या वजह बताऊँ?"

"बोलिए, शिकस्त," विनिता म्हणाली. "हमारी वाली."