बोटीवरच्या कण्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप, भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं विनाकारण गोड बोलणं, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. लग्न झाल्यावर महिनाभरात आमचे हे म्हणाले होते, "तू पोलिसात जायला हवी होतीस." मी फोर्टातल्या एका कचेरीत टपालाची आवक-जावक बघत होते. कुठलाही लिफाफा उजेडात धरून बघितल्याशिवाय मला फोडवत नसे.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोककडच्या एका नव्या इमारतीत राहायला आलो होतो. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. गॅसचा नंबर लागायचा होता. वातीचा एक स्टोव्ह, तीन डब्यांचा कुकर, दोन पातेली आणि एक तवा, एवढ्यावर चार माणसांचं चालायचं. रेशनकार्ड अजून परळच्याच पत्त्यावर असल्यामुळे रॉकेल मिळताना मारामार. म्हणून मी पहाटे पाचला उठून एकदाच स्टोव्ह पेटवायची. कुकरमध्ये वरण, भात, भाजी एकावर एक लावायची, पोळ्या करायची, आमचे डबे भरायची आणि सातला घर सोडायची. दुपारचं जेवण सासूबाई तेच, गार झालेलं, वाढून घ्यायच्या.

बाबा, म्हणजे माझे सासरे, गोदीत फिटर होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना हार्टचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, भात जवळजवळ बंद, मीठ कमी, तळलेलं आणि सुकी मासळी तर बघायचीही नाही. रत्नागिरीकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे श्वास अर्धाच घ्या म्हणून सांगणं. दुसरा झटका आला तर काही खरं नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडात काय जातंय यावर माझी नजर होती.

अशात नणंदेचे यजमान बोटीवरून सुट्टीला आले. येताना त्यांनी पत्र्याचे चार मोठे डबे आणले. "वहिनी, तिकडचे म्हातारे हेच खाऊन चालतायत," ते म्हणाले. "हार्टला एक नंबर." डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, स्टील कट ओट्स. झाकण काढून बघितलं तर आत तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी, फक्त रंगाने मळकट.

सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिलं. "स्टीलनं कापलेलं म्हणजे काय गो? लोखंडाचे कण तर नाहीत ना ह्यात?"

ही शंका मला कशी सुचली नाही, याचंच मला वाईट वाटलं. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक लोहचुंबक होता. मी परातीत ओट्स पसरले आणि चुंबक तीनदा फिरवला. काही चिकटलं नाही. हे दारात उभे राहून हसत होते. समोरच्या फ्लॅटमधली गुजराती शेजारीण डोकावली आणि तिने विचारलं, "भाभी, ये घोडे का दाना है क्या?" बाबा आत पलंगावर होते. त्यांनी ते ऐकलं, आणि तिथेच घोटाळा झाला असावा.

शिजवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. डब्यावर लिहिलं होतं, अर्धा तास मंद आचेवर, सारखं ढवळत. अर्धा तास स्टोव्ह फक्त याच्यासाठी पेटवायचा तर बाकीच्यांनी काय कच्चं खायचं? पहिल्या दिवशी मी ते तांदळासारखे पाच पाण्यांनी धुतले, त्यातलं सत्त्व मोरीत गेलं, आणि उरलेलं पातेल्यातून उतू जाऊन वातींवर सांडलं. घरभर धूर. दुसऱ्या दिवशी सरळ कुकरच्या तळाशी घातले. दुसऱ्या शिट्टीला शिट्टीच्या भोकातून पांढरी खळ उडायला लागली आणि मग शिट्टी गप्प झाली. कुकर गप्प बसला की मला सर्वात जास्त भीती वाटते. स्टोव्ह विझवून आम्ही सगळे जिन्यात जाऊन उभे राहिलो. नंतर कुकरच्या वरच्या डब्यात लावून पाहिले. ते जमलं, पण मग भाजीला जागा उरेना.

शेवटी वाट सासूबाईंनी दाखवली. "गावी पेज चुलीवर थोडीच शिजते? एक उकळी आली की भांडं चुलीच्या वैलावर सारायचं. निखाऱ्याच्या उबेवर आपली शिजत बसते. इथे वैल नाय, पण गोधडी हाय ना?"

मला पटलं नव्हतं, पण करून पाहिलं. एक वाटी ओट्स, चार वाट्या पाणी, जाड बुडाचं पातेलं. खळखळून उकळी आली की पाच मिनिटं ढवळायचं, घट्ट झाकण ठेवायचं, पातेलं जुन्या लुगड्यात बांधून गोधडीत गुंडाळायचं आणि अंथरुणाच्या ट्रंकेत ठेवून झाकण लावायचं. साडेपाचला ठेवलेलं नऊला उघडलं तर दाणा न् दाणा फुललेला, मऊ, तरी दाताखाली लागणारा. तळाला लागलेलं नाही, उतू गेलेलं नाही, आणि स्टोव्ह जेमतेम दहा मिनिटं पेटलेला. त्यात ताक आणि जिरेपूड घातली की खरोखर बरं लागायचं. मी मनातल्या मनात सासूबाईंना मानलं. तोंडावर बोलले नाही, ही माझी चूकच.

असं सुरू झालं. पातेलं ट्रंकेत ठेवून मी सातला निघायची आणि बाबा फिरून येऊन नऊला खायचे. संध्याकाळी मी विचारायची, "बाबा, ओट्स संपले?"

"संपले," बाबा म्हणायचे. पातेलं घासून पालथं घातलेलं असायचं. रविवारी तर माझ्यासमोर वाटीभर खायचे, डोळे मिटून, कडू काढा घेतल्यासारखे.

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. बाबांचं वजन वाढलं होतं. प्रेशरही वर गेलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "काय खायला देताय यांना?" मी कातावले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. सासूबाईंचं म्हणाल तर त्या दवाखान्यात कधी आल्याच नव्हत्या. त्या घरी.

त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. डब्यातले ओट्स कमी होत होते ते बरोबर होतं, कारण ते मीच काढत होते. पण पुढे ते जात कुठे होते? मी कचऱ्याची बादली उपसून पाहिली. मोरीच्या जाळीखाली हात घालून पाहिला. काही नाही. मग शेजारणीचा संशय आला. तिचं धाकटं पोर हल्ली बरंच गुबगुबीत दिसायला लागलं होतं. एक दिवस जिन्यात मी त्याला विचारलं, "सुबह क्या खाया?" ते म्हणालं, "खाखरा." मला ते पढवलेलं वाटलं.

मग मी स्टोव्हकडे वळले. सकाळी निघताना टाकीतलं रॉकेल काडी बुडवून बघायची, संध्याकाळी आल्यावर परत बघायची. काडी रोज बोटभर तरी जास्त कोरडी निघे. माझ्यामागे स्टोव्ह पेटत होता. आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी दार उघडलं की उदबत्तीचा वास अंगावर येई, एकदोन नाही, जुडगाच लावल्यासारखा. सासूबाई देवभोळ्या होत्या, पण इतक्या नव्हत्या. स्टेशनाजवळ उत्तनची मासेवाली बसायची. एका रविवारी तिने मला ओळखून हाक मारली, "आज सुके बोंबील न्हाय नेत? म्हातारी तर दर बुधवारी नेते."

मला सगळं लख्ख दिसलं आणि रागाने माझे कान तापले. बाबांचा जीव वाचावा म्हणून मी पाचला उठत होते, आणि ही बाई त्यांना बोंबील तळून घालत होती! घरी गेल्यावर मी एक शब्द बोलले नाही. रंगेहाथ पकडायचं ठरवलं होतं.

बुधवारनंतरचा गुरुवार निवडला. रोजच्यासारखी सातला निघाले, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर दोन तास बसले आणि सव्वानऊला परत आले. जिन्यातच वास आला. किल्लीने दार उघडलं.

बाबा पाटावर बसले होते. ताटात भाताचा ढीग, वरण आणि तळलेले बोंबील. सासूबाई शेजारी बसून वाढत होत्या. मला बघून त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

मी काय बोलले ते आज लिहायलाही लाज वाटते. चपला न काढताच मी म्हणाले, "आई, तुम्हाला यांना मारायचंय का?"

मग बाबा म्हणाले, "तिला नको बोलू. मीच मागतो. घोड्याचं खाणं माझ्या घशाखाली उतरत नाय. पहिले दोन दिवस मी उपाशीच बसलो."

"उपाशीपोटी गोळ्या कशा देऊ?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून माझा भात देते."

"तुमचा भात? मग तुम्ही काय खाता?" मी विचारलं. "आणि ओट्स कुठे जातात?"

"ही खालच्या गाईला घालते," बाबा म्हणाले.

मी ट्रंक उघडली, गोधडी सोडली. पातेलं भरलेलं होतं, झाकणावर घाम जमला होता.

"गाईला नाय घालत," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी खाते. हे जेवून बाहेर गेले की खाते. त्यांचं पथ्य मी धरलंय."

मला अर्थच लागेना. "त्यांचं पथ्य तुम्ही धरून काय उपयोग?"

"का? वडाच्या पौर्णिमेला उपास मी धरते, आयुष्य त्यांना मिळतं. सोळा सोमवार मी केले, नोकरी ह्यांची टिकली. तूही धरतेसच ना गो हरतालिका? मग हेच कसं नाय पोचायचं? मी एक दिवस चुकवलेलं नाय, दुपारला पण दुसरं काय खात नाय. मीठ नाय, ताक नाय, काय नाय. डॉक्टरांनी सांगितलानी तसं, कडक."

त्या मला फसवत नव्हत्या. मी चेहरे वाचणारी बाई आहे, त्या चेहऱ्यात लबाडीचा लवलेश नव्हता. दोन महिने त्या रोज नऊनंतर ते बिनमिठाचं खात होत्या आणि वाट बघत होत्या, नवऱ्याचं प्रेशर कधी उतरतं याची. मी रॉकेल मोजलं, मोरी उपसली, शेजारचं पोर धरून विचारलं. सासूबाईंना मात्र एकदाही विचारलं नव्हतं, आई, तुम्ही जेवलात का? मला रडू आलं आणि ते लपवायला आमच्या घरात जागा नव्हती.

बाबांनी ताट बाजूला सारलं. हात धुतला. मग त्यांनी पातेलं पुढे ओढलं, एक घास खाल्ला आणि बराच वेळ तो चावत राहिले.

"हे असं खाल्लंस? दोन महिने?"

सासूबाईंनी मान हलवली.

"उद्यापासून माझं मी धरतो," बाबा म्हणाले. "तू तुझा भात खा."

आणि त्यांनी धरलं. घोडा म्हणा नाहीतर बैल, रोज नऊला पातेलं सोडून खात राहिले. रॉकेलची काडी मी तरीही चार दिवस बुडवून बघितली. स्वभाव जात नाही. पण आता माझी नजर सासूबाईंवर होती. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, जिना चढताना त्या दोनदा थांबत होत्या. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांना कसं दिसलं नाही, कुणास ठाऊक.

पुढच्या वेळी दवाखान्यात मी त्यांनाही नेलं. यायलाच तयार नव्हत्या, मला काय झालंय म्हणाल्या. बाबांचं वजन थोडं उतरलं होतं, प्रेशरही. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. अंगात रक्तच नाही म्हणाले. अशक्तपणा फार आहे, हृदयावर ताण येतोय. यांना पोटभर खाऊ घाला, भात, भाजी, मासळी, सगळं. आणि हे असंच चाललं असतं तर, म्हणून ते थांबले.

बाबा बाकावरून उठले आणि डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं गोदीत साहेबांसमोरही त्यांनी मान खाली घातली नसेल, तशी घातली.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "हिच्यासाठी मी काय धरलं तर चालेल?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "त्यांचं त्यांनीच खायला हवं."